बहात्तर साल कोणाकोणाचे

गावातल्या माणसांच्या आठवणी गोळा करणे आणि त्यांचा अर्थ लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला चिकाटी पुरते. दुसऱ्यासाठी सांगणारा कोण, ऐकायला कोण बसले होते, मध्ये किती वर्षे गेली आणि त्याच गोष्टीबद्दल पलीकडच्या वस्तीवर काय सांगतात, एवढे सगळे ठाऊक असावे लागते. मोबाइलवर आवाज टिपणे आता कोणालाही जमते. त्यामुळे पहिले काम उरकले की सगळेच उरकले, असा समज बळावला आहे. सोलापूर जिल्ह्यातला मोहोळ तालुका हा समज तपासून पाहायला बरी जागा आहे.

मोहोळ हे सोलापूर-पुणे हमरस्त्यावरचे आणि लोहमार्गावरचे गाव. तालुक्यातून सीना वाहते, दक्षिणेकडे भीमा. पाऊस बेभरवशाचा आणि मुख्य पीक पिढ्यान्‌पिढ्या शाळू. महाराष्ट्रभर ज्या मालदांडी ज्वारीच्या भाकरीचे कौतुक होते, त्या मालदांडीतला एम 35-1 हा वाण 1930 च्या दशकात मोहोळच्याच शेतकी केंद्रात निवडला गेला. हमरस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला तालुक्यातले लांबोटी तेवढे माहीत असते, तेही मक्याच्या चिवड्यामुळे. आतल्या गावांत मात्र गोष्टींचे थरावर थर आहेत. वडवळ आणि मोहोळ ही नागनाथाची ठाणी. नागेश संप्रदायाच्या परंपरेत हेग्रस, नरखेडचे अज्ञानसिद्ध अशी नावे येतात आणि आलमखान हे मुसलमान शिष्याचे नावही येते. भीमेकाठी बेगमपूर आहे. पलीकडे माचणूर-ब्रह्मपुरीला 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी होती. आष्टीजवळ 20 फेब्रुवारी 1818 रोजी पेशव्यांचा सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडला आणि साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती आले.

या झाल्या गावाच्या चारचौघांतल्या गोष्टी. त्या सांगायला कोणाची हरकत नसते, ऐकणाऱ्यालाही संकोच नसतो. जत्रेत, कीर्तनात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्या सांगून सांगून गुळगुळीत होतात, आणि सांगणाऱ्याचे स्वतःचे त्यांत काही उरत नाही. या निबंधाचा विषय दुसऱ्या जातीच्या गोष्टी आहेत. त्या एकेका माणसाच्या अंगावरून गेलेल्या असतात, घरात अर्धवट सांगितल्या जातात, आणि सगळ्या मिळून एका समाजाचा इतिहास होतात. मोहोळ तालुक्यात अशी सर्वांत मोठी गोष्ट 1972 च्या दुष्काळाची आहे.

अशा गोष्टी जपण्याची सोय जुन्या समाजाने केलीच नव्हती असे नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि लगतच्या कन्नड मुलखात वंशावळी सांगणारे हेळवी येतात. काही वर्षांच्या अंतराने ते गावात मुक्काम करतात, यजमानाच्या ओसरीवर वही उघडतात आणि कुळाचे मूळ गाव, तिथून उठण्याचे कारण, वाटेतले मुक्काम आणि बापामागून बाप असे वाचून दाखवतात. मध्यंतरी घरात जन्मलेल्यांची नावे नव्याने लिहून घेतात, धान्य, कापड किंवा पैसे घेऊन पुढे जातात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांचे कामही याच जातीचे. या वह्यांचा नेमकेपणा थक्क करणारा असतो. पण त्यांत कुळ पुरुषांवरून चालते. सून येते, लेक जाते, आणि वही बहुतेक वेळा दोघींनाही ओलांडून पुढच्या मुलाकडे वळते.

वहीबाहेर राहिलेल्या बाया पहाटे जात्यावर बसत. ओवी ही आठवण ठेवण्याची दुसरी रीत, आणि ती वहीच्या बरोबर उलटी आहे. तिच्यात साल नाही, वंशावळ नाही. माहेर आहे, भाऊ आहे, लेकीचा सासुरवास आहे, पंढरीची वाट आहे. मोहोळसारख्या भागात तर पंढरपूर इतके जवळ, की आषाढीला पावलांचा आवाज दारावरून जातो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूरहून तिऱ्हे, कामती असा मुक्काम करत मंगळवेढ्याकडे वळते. ओवीत स्वतःचे दुःख सांगायला एक आडोसा मिळतो. गाणारी आपलेच सांगते. पण चाल आणि शब्दांचा साचा सगळ्यांचा असल्यामुळे कोणी विचारले, तर "गाणंच हाय ते" म्हणून मोकळी होते.

छापील संग्राहकांचे लक्ष या ठेव्याकडे लवकर गेले. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. या संग्रहांचे मोल मोठे आहे. पण त्यांत ओवी भेटते तेव्हा गाणारी बहुधा निघून गेलेली असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी उभ्या केलेल्या कामात हा फरक पडला. गरीब डोंगरी संघटनेतल्या गावच्या बायाच तिथे गोळा करणाऱ्या झाल्या. ओवी कोणी गायली, कोणत्या गावात गायली, हे लिहिले गेले. पुढे बेर्नार बेल यांच्यामुळे ध्वनिमुद्रणही झाले. एकत्र बसून गायचे आणि या ओवीत बाई असे का म्हणते, यावर बायांनीच बोलायचे, अशा बैठका झाल्या. हजाराहून जास्त गावांतल्या लाखभर ओव्यांचा हा साठा 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहात आता ऐकायला मिळतो. पिठाची गिरणी आली आणि ओवी थांबली, असे सरसकट म्हटले जाते. थांबले ते दळण. गायला सांगितले तर आठवते. नुसते "ओवी सांगा" म्हटले तर पुष्कळ जणींना सुचत नाही, कारण ती बोलायची गोष्टच नव्हती.

गोळा करणे आणि अर्थ लावणे यांचे नाते मराठीत सर्वांत आधी, आणि कदाचित सर्वांत नीट, ज्याने समजून घेतले तो माणूस तेराव्या शतकातला आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उत्तरपंथे निघून गेल्यावर त्यांचा समुदाय ऋद्धिपुरात त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याजवळ राहिला. स्वामींच्या सहवासातले प्रसंग म्हणजे लीळा प्रत्येकाच्या मनात सुट्या सुट्या होत्या. म्हाइंभट मूळचे सराळ्याचे, विद्वान, आणि आरंभी स्वामींची परीक्षा घ्यायला आलेले. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य एकांतात लीळा आठवत बसतात हे पाहून त्या लिहून काढण्याचा विचार त्यांच्या मनात आला. मग ज्याच्या देखत जे घडले, त्याला गाठून ते विचारायचे, नागदेवाचार्यांना दाखवायचे आणि नोंदवायचे, असे काम चालले. 1278 च्या आसपास जो ग्रंथ उभा राहिला तो लीळाचरित्र. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ.

त्याची थोरवी वाङ्मयाच्या इतिहासात पुष्कळ सांगितली जाते. इथे कामाची आहे ती त्याची शिस्त. एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी वेगवेगळे सांगितले, तर म्हाइंभटांनी त्यांतले एक गाळून गोष्ट सरळ केली नाही. अमुक असे म्हणतो, तमुक असे म्हणतो, अशी नोंद ग्रंथातच राहू दिली. ज्या पुरुषाला ते ईश्वर मानत होते त्याच्याच बाबतीत हे केले, हे विशेष. भक्ताला एकमुखी चरित्र हवे असते. म्हाइंभटांनी साक्षीदार राखले. स्वामी कुठे बसले होते, जेवायला काय होते, कोण रुसले, कोणाला थंडी वाजली, असले बारीकसारीकही गाळले नाही. सांगणाऱ्या बायांचे सांगणे बायांच्या नावावर राहिले. पाचशे वर्षांनी महिपतींनी ताहराबादला बसून संतांची चरित्रे ओवीबद्ध केली, 1762 मध्ये 'भक्तविजय' झाला, तेव्हा उद्देश निराळा होता. तिथे अनेक तोंडांच्या गोष्टींची एक रसाळ गोष्ट होते, ऐकणारा डोलतो आणि कोणी कोणाला काय सांगितले हा प्रश्न उरत नाही. दोन्ही रीतींना आपापली जागा आहे. आजची 'आठवणींची पुस्तके' मात्र बहुधा महिपतींच्या वाटेने जातात आणि दावा म्हाइंभटांचा करतात.

लीळाचरित्राची पुढची हकीकतही या विषयाला धरूनच आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजीच्या फौजेच्या धाडीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होते त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहावा लागला, आणि तो एक राहिला नाही. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ अशी वेगवेगळी रूपे झाली. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल होईपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 मध्ये निघाली, तेव्हा तिच्यातल्या काही मजकुराला महानुभाव अनुयायांनीच आक्षेप घेतला. सातशे वर्षांपूर्वीच्या आठवणी कोणाच्या, त्या कोणी छापायच्या आणि कुठल्या पाठाने छापायच्या, हा तंटा ज्या समाजाने इतकी वर्षे त्या जपल्या त्याच्या दृष्टीने मुळीच क्षुल्लक नव्हता. बाहेरून येणाऱ्या संग्राहकाने तो आधी वाचून घ्यावा.

आता बहात्तर साल. पाऊस 1970 पासूनच हुलकावणी देत होता; 1972 मध्ये तो जवळजवळ आलाच नाही, आणि सोलापूर सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. सरकारने दुष्काळी कामे काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसे या कामांवर होती. अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी रेशनवर मिळे, कामावर सुकडी वाटली जाई. याच अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या दुष्काळाचा अभ्यास यशस्वी निवारणाचे उदाहरण म्हणून केला. एवढ्या मोठ्या तुटीतही भूकबळींची लाट आली नाही, हे खरेच आहे.

हीच गोष्ट गावात विचारली की निवारण हा शब्द कोणी उच्चारत नाही. मिलोचा तांबडा रंग, त्याची तुटणारी भाकरी आणि घशाखाली न उतरणारा घास यांचे वर्णन मात्र पन्नास वर्षांनंतरही ताजे असते. मालदांडीच्या गावात ते तसे असणारच. ज्याच्या रानात शाळू पिकतो त्याला परक्या देशाच्या ज्वारीने जगवले, यात जीव वाचल्याच्या समाधानापेक्षा मानहानी जास्त खोल रुतलेली दिसते. खडी ब्रासवर मोजली जाई, म्हणून मोजणाऱ्याचा हात सैल होता की आखडता, हे सगळ्यांना आठवते. मस्टरवर नाव कोणाचे आणि काम कोणी केले, हा विषय निघाला की आवाज खाली येतो. चार-पाच एकरांचा बागाईतदार आणि त्याच्याच रानात राबणारा गडी एका रांगेत खडी फोडायला बसले, असे दोघेही सांगतात. पण एकाच्या तोंडी ती पडझड असते आणि दुसऱ्याच्या तोंडी क्वचित मौजही असते. बायांच्या सांगण्यात झाडाला बांधलेली झोळी आणि पाण्याची घागर आधी येते. दुष्काळाचे कारण, मंत्री, दौरे हे पुरुषांच्या वाट्याचे. दुष्काळाचा शासकीय अहवाल आणि या आठवणी एकमेकांना खोडत नाहीत. अहवाल किती जगले ते सांगतो. कसे जगले ते त्याच्या रकान्यांत बसत नव्हते.

इथे अर्थ लावणाऱ्याला एक सापळा असतो. आठवण ऐकताना ती सालाशी ताडून पाहायची आणि चुकली तर बाजूला टाकायची, ही सवय कागदावर वाढलेल्या माणसाला सहज लागते. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात आलेसांद्रो पोर्तेल्ली यांनी कामगारांच्या आठवणी जमवल्या, तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 17 मार्च 1949 रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण कितीतरी जण तो 1953 मध्ये, कारखान्याने हजारोंना कामावरून काढले तेव्हाच्या दंगलीत मेला, असे सांगत होते. पोर्तेल्ली यांनी ही चूक म्हणून खोडली नाही. कामगारांच्या आयुष्यातला मोठा घाव 1953 चा होता; एवढा मोठा मृत्यू एका परराष्ट्र करारासाठी फुकट गेला हे मन मानत नव्हते, म्हणून स्मरणाने तो उचलून योग्य जागी नेऊन ठेवला. साल चुकले म्हणूनच समाजाचा घाव कुठे होता ते कळले.

सोलापूरकडच्या आठवणींत बहात्तर साल याच पद्धतीने काम करते. गावाकडे वय आणि लग्न-बाळंतपणे प्रसंगांवरून मोजली जातात: रझाकाराच्या वेळी, पानशेत फुटले त्या साली, किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी. जनगणनेचे प्रगणकही वय ठरवताना अशा घटनांचा आधार घेतात. पण पानशेत 12 जुलै 1961 या एकाच दिवशी फुटले आणि किल्लारी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हादरली. बहात्तर तीन वर्षे चालले. म्हणून ते लवचीक आहे. आधीच्या अन् नंतरच्या कितीतरी ओढाताणी त्यात जाऊन बसतात. शिवाय ते नंतरच्या दुष्काळांनी पुन्हा पुन्हा घडवले आहे. 2012-13 मध्ये जनावरे चारा छावण्यांत गेली, गावोगाव टँकर फिरले, आणि एक वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येऊ लागले: बहात्तरला पाणी होते पण धान्य नव्हते, आता धान्य आहे पण पाणी नाही. 1973 मध्ये हे वाक्य कोणाला सुचणे शक्य नव्हते. बोअरवेलचा खोल जाणारा आकडा, वाढलेला ऊस आणि रेशनचे धान्य हे सगळे मध्ये घडल्यावरच बहात्तरच्या विहिरीतले पाणी आठवण म्हणून मोलाचे झाले. त्या पाण्याची खोली नेमकी किती होती, हे भूजल खात्याच्या नोंदींना विचारावे. त्या पाण्याची आठवण आज का काढली जाते, हे फक्त सांगणाऱ्यालाच विचारता येते.

काही गोष्टी एका घरात रोज सांगितल्या जातात आणि चार घरे सोडून पलीकडे माहीतही नसतात. 1948 साल या भागात दोनदा येते. जानेवारीअखेर गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली. सप्टेंबरात हैदराबादची पोलीस कारवाई झाली आणि निजामाच्या हद्दीलगतच्या सोलापूर-बार्शी पट्ट्यात त्याआधी नि त्यानंतर माणसे जीव मुठीत धरून इकडून तिकडे झाली. जळलेल्या घरांची आठवण पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी जपली, गावाने ती बोलायची सोडून दिली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'ने तिला कादंबरीत जागा दिली नसती, तर ती छापील मराठीत आणखी विरळ असती. पोलीस कारवाईत मुसलमान घरांवर काय गुदरले, ते तर त्या घरांबाहेर क्वचितच बोलले गेले. गावातल्या चार माणसांना एकत्र बसवून असा विषय काढला तर एक सभ्य, गुळमुळीत गोष्ट मिळते आणि संग्राहक समाधानाने घरी जातो. ओवीसाठी घोळका चांगला; अशा आठवणींसाठी घोळका हाच अडसर.

दलित वस्तीच्या आठवणी गावाच्या इतिहासात कोणी मागून घेतल्या नाहीत. त्या सांगणाऱ्यांनीच लिहून काढल्या. याच जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' ही त्यांची दोन टोके. एक शाळामास्तरणीचे शांत, चढत जाणारे कथन, दुसरे जन्मालाच प्रश्न करणारे. 1978 च्या 'बलुतं'पासून सुरू झालेली ही ओळ आत्मचरित्रांची म्हणून वाचली जाते. खरे तर प्रत्येकात एका वस्तीचे, एका पिढीचे कथन आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. आंबेडकरी चळवळीत परिषदांना गेलेल्या, सत्याग्रहात उतरलेल्या, वसतिगृहे चालवलेल्या बायांना त्या शोधत गेल्या, भेटल्या, बोलत्या केल्या, आणि 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. चळवळीतलीच माणसे विचारायला आल्यामुळे तिथे जे सांगितले गेले ते बाहेरच्या अभ्यासकापुढे त्याच शब्दांत आले असते असे वाटत नाही. घरच्या माणसापुढेही काही गोष्टी दडतात, हेही तितकेच खरे. चळवळीबद्दलचे नाराजीचे बोल चळवळीतल्या माणसाला ऐकवणे सोपे नसते.

विचारणारा कोण, याला सर्वांत जास्त वजन विमुक्त जमातींच्या बाबतीत येते. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात त्यांची मोठी सेटलमेंट होती, काटेरी तारेच्या आत. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. नाव काय, बापाचे नाव काय, याआधी कुठे होतात, हे प्रश्न ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त पोलिसांनीच विचारले, त्यांच्या पालावर वही-पेन घेऊन जाणाऱ्याने त्याच प्रश्नांनी सुरुवात केली, तर उत्तरे मिळतात. पण ती पोलिसांना द्यायची असतात तशीच. इथे नाव शेवटी विचारावे किंवा विचारूच नये.

आणखी एक समाज मोहोळच्या कोणत्याच गोष्टीत नाही, आणि तो दरवर्षी तिथे असतो. तालुक्यात टाकळी सिकंदरला, अनगरला साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, शिवाराबाहेर कोप्या पडतात, आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, ती न फिटल्याने पुढच्या साली पुन्हा तोच फड. त्यांची मुले इथे जन्मतात, इथल्या रस्त्यावर अपघात होतात, इथल्या दुकानांत उधारी असते. गावाच्या आठवणीत ते 'टोळीवाले' या एका शब्दात मावतात, आणि त्यांच्या स्वतःच्या गावच्या आठवणीत हे महिने 'कारखान्यावर' या एका शब्दात. गाव म्हणजे मतदार यादीतली माणसे, असे धरून चालणाऱ्या कोणत्याही संग्रहातून ते सुटणार. त्यांना गाठायचे तर फडावर जाऊन भागत नाही, कारण तिथे वेळ नसतो. रात्री कोपीशी, किंवा पावसाळ्यात त्यांच्या गावी जावे लागते.

गोळा केलेल्याचे पुढे काय होते, यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. पहिला घात लिहून काढताना होतो. सोलापूरकडचा माणूस 'आलतो', 'करायलाय', 'जायलोय' असे बोलतो. कन्नड-तेलुगूच्या शेजाराने त्याच्या बोलण्याला एक झोक आहे. लिहिणारा पुण्याच्या व्याकरणात ते बसवतो आणि बिचाऱ्याला वाटते आपण सांगणाऱ्याचा मान राखला. उलट बाजूने ग्रामीण बोलीचा तमाशा करणारेही आहेत; शुद्ध बोललेल्या शब्दालाही ते ठेच लावतात. दोन्हींवर उपाय एकच, मूळ आवाज लिखित प्रतीसोबत ठेवणे आणि थांबणे, हसणे, विषय बदलणे हेही कंसात नोंदवणे. दुसरा घात निवडीत होतो. सगळ्यांत रडवणारी गोष्ट पुढे येते. पावसाळा बरा झाला, बैल चांगला निघाला, धाकट्याचे लग्न झाले, अशा वर्षांना कोणी विचारत नाही. मग संग्रह वाचणाऱ्याला वाटते की तालुका पन्नास वर्षे नुसता कण्हत होता.

लिहिलेले सांगणाऱ्याला परत वाचून दाखवणे हा या कामाचा टप्पा बहुतेक जण गाळतात, कारण तिथे काम वाढते. वाचून दाखवले की माणूस म्हणतो, हे असे नव्हते. किंवा होते तसेच, पण लिहू नका, भावकी आहे. लेक मध्येच म्हणते, आई, हे तू मला कधी सांगितले नाहीस. नातू सांगतो की आजोबांना आता आठवत नाही, ते भलतेच बोलतात. दुरुस्ती म्हणून जे सांगितले जाते ते जुन्या वाक्यावर न चढवता त्याच्या शेजारी, तारखेसह ठेवावे. जे गाळायला सांगितले ते गाळावे, आणि काहीतरी गाळले आहे एवढे नोंदवावे. नाव घालायचे की नाही हे एकदा विचारून भागत नाही. पुस्तक निघेपर्यंत सरपंच बदललेला असतो, जमिनीचा दावा लागलेला असतो, सोयरीक जुळत आलेली असते.

प्रती कुठे राहाव्यात, यावर मतभेद आहेत. विद्यापीठांत राहिल्या तर टिकतात, पण कामतीच्या किंवा पेनूरच्या माणसाला त्या मागायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते. गावातल्या वाचनालयात राहिल्या तर हाताशी असतात, मात्र आवाजाची फाइल दहा वर्षांत उघडेनाशी होते आणि कागदाला वाळवी लागते. दोन्ही ठिकाणी ठेवणे आणि एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी देणे हे त्यातल्या त्यात बरे. घरची प्रत बहुधा देवळीत किंवा ट्रंकेत जाते, पण लग्नाला जमलेली नातवंडे ती काढतात आणि त्यांतला एखादा तिसरीच हकीकत सांगतो. तीही नोंदवावी लागते. बहात्तरला जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आता सत्तरीच्या घरात आहे. ज्याच्या हाती मस्टर होते तो त्याहून मोठा; त्याला विचारणारे थोडे, कारण गोष्टीत तो नेहमी दुसऱ्या बाजूला उभा असतो. त्याची बाजू नोंदवायची असेल, तर त्याच्याकडे आधी जावे लागेल.